सरांनी सुधारलेला पोरगा

सरांना चहा कधीच आवडला नाही, आणि त्यांनी तो कधीच सोडलाही नाही. दिवसातून चार वेळा प्यायचे आणि चारही वेळा कपात डोकावून म्हणायचे, "ह्याला चहा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे." वर्गातला पंखा आवाज करतो म्हणून बंद करायला लावायचे आणि पाच मिनिटांनी, "काय कोंडून मारता का मला?" म्हणून परत सुरू करायला लावायचे. खडू ठिसूळ, फळा हिरवा, पनवेलचे रस्ते खोदलेले, न खोदलेले असले तर लवकरच खोदणार आहेत म्हणून वाईट. डोक्यावरून विमान गेलं की शिकवणं थांबवून वर छताकडे बघायचे. विमान दिसायचं नाही, पण सरांची नाराजी त्याच्यापर्यंत नक्की पोचत असणार.

मराठीचे आमचे सर. कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं त्यांनी, आणि एकाही विद्यार्थ्याला नावाने हाक मारली नाही. गावाच्या नावाने मारायचे. मी जासईची, म्हणून मी 'जासई'. एका गावचे दोघं असले तर 'पळस्पे एक' आणि 'पळस्पे दोन'. हजेरी घेताना बसचा कंडक्टर थांबे पुकारतोय असं वाटायचं.

माझं सांगायचं तर आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, मराठी घेऊन, फर्स्ट क्लासमध्ये. काळा गाऊन घातलेला माझा फोटो आईने देव्हाऱ्याच्या बरोबर वर लावलाय, त्यामुळे आल्या-गेल्याला आधी मी दिसते आणि मग देव. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. वडील कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "शिक, पन बोलताना आमाला समजंल असं बोल." ते मी पाळते.

तर सरांच्या चिडचिडीबद्दल नाही सांगायचं मला. चिडके मास्तर सगळीकडे असतात. मला सांगायचंय ते सरांच्या पोराबद्दल.

पोरगा म्हणजे खराखुरा नव्हे. सरांनी तरुणपणी एक कथा लिहिली होती. जन्मात एकच. ती कुठल्याशा दिवाळी अंकात छापून आली आणि तो अंक पुढच्या दिवाळीआधी बंद पडला. कथेतला नायक मोऱ्याच्या कोळीवाड्यातला, सतरा-अठरा वर्षांचा, कशावरच समाधान नसलेला. बापाशी भांडतो, घर सोडतो, मोरा बंदरातून लाँच पकडून मुंबईला जातो. बस, एवढीच कथा.

ही कथा सर दर वर्षी झेरॉक्स करून वर्गात वाटायचे. वर लेखकाचं नाव नसायचं. पण पुढच्या वर्गातल्या मुलींनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात कानात सांगून ठेवलं होतं, "कथा सरांची आहे, आणि नायक पण सरच आहेत. फक्त तसं म्हणायचं नाही." मग घरी करायला प्रश्न यायचा, वीस मार्कांचा: 'कथेतील असंतुष्ट तरुण नायकाचे स्वभावदोष सोदाहरण लिहा.' अट एकच. जुना दोष चालणार नाही. आधीच्या वर्षी कोणी शोधलेला दोष परत लिहिला तर शून्य.

सरांकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. तिच्यात आखून रकाने केलेले: क्रमांक, दोष, पुरावा, शोधणाऱ्याचं गाव. 'तोंडाळ — बापाला उलट बोलतो — करंजा.' 'ढोंगी — मुंबईत गाव विचारलं तर अलिबाग सांगतो — चिरनेर.' 'अन्नाचा माज — ताट फेकतो — मोरा.' असे शंभराच्या वर दोष. बत्तीस वर्षांत आमच्या ह्या सगळ्या मुलखाने मिळून एका पोराची एवढी निंदा केली होती.

आणि सर काय करायचे? मे महिन्याच्या सुट्टीत बसून ते दोष काढून टाकायचे. पोराला सुधारायचे. पुढच्या वर्षी झेरॉक्स यायची ती सुधारलेल्या पोराची.

मूळ कथेत पोरगा ताट फेकतो. आखाडाचे दिवस, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, घरात ताजी मासळी नाही. रोज सुका जवळा आणि भात. तो म्हणतो, "परत जवळाच?" आणि ताट भिंतीवर. कोणीतरी 'अन्नाचा माज' असा दोष काढल्यावर पुढच्या वर्षी पोराने ताट नुसतं सरकवलं. मग काही वर्षांनी अर्धं जेवून उठला. मग पूर्ण जेवला, पण मीठ कमी आहे म्हणाला. माझ्या वेळेपर्यंत तो जवळा-भात पोटभर जेवून, ताट घासून, पालथं घालून ठेवत होता. उलट बोलणं केव्हाच बंद. निघताना बापाच्या पाया पडत होता. बाप धक्क्यापर्यंत सोडायला येत होता, आणि लाँच दिसेनाशी होईपर्यंत दोघंही हात हलवत होते.

ते वाचून वर्गात पळस्पे दोन उभा राहिला. हा पोरगा सकाळी दूध घालून कॉलेजला यायचा, त्यामुळे त्याला झोप आणि हिंमत दोन्ही भरपूर.

"सर, मग तो घर सोडतो कशापायी?"

"नोकरीसाठी."

"सुट्टीला येतो का?"

"येतो ना."

"मग ही कथा कुठाय सर? हा तर माझा मामेभाऊ हाय!"

वर्ग हसून हसून लोळला. सर हसले नाहीत. मग माझाही धीर वाढला. मी उठले आणि म्हटलं, "सर, मला एकच दोष सापडला. हा आता फार चांगला झालाय."

सरांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. वही उघडली, काहीतरी लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. वीसपैकी अकरा दिले. कागदावर शेरा: 'पुरावा नाही.'

आम्ही मात्र गुपचूप दुसरी यादी केली होती, सरांची. ती पळस्पे दोनच्या वहीच्या शेवटच्या पानावर असायची. ती करताना एक गंमत लक्षात आली. पोराच्या अंगातून निघालेला प्रत्येक दोष येऊन सरांच्या अंगात बसला होता. पोरगा कुरकुर करायचा थांबला, सर करतच होते. पोरगा माफी मागायला शिकला, सरांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. फक्त खाण्याचं गणित जुळत नव्हतं. सर रोज, अगदी रोज, डब्यात सुका जवळा आणायचे. त्या वासाने स्टाफरूममधल्या बाकीच्यांनी सरांचं टेबल खिडकीला नेऊन लावलं होतं. आम्हाला वाटायचं, आवडत असेल. पण एकदा मी सही घ्यायला गेले तर सर औषध घ्यावं तसा एकेक घास गिळत होते. म्हणाले, "काही नाही गं, मला पहिल्यापासून आवडत नाही."

"मग खाता कशाला?"

"सवय," म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या वर्षापासून मी स्टेशनजवळच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात अर्धा दिवस काम करायला लागले. दुकान चाचांचं. चाचा पनवेलचेच, बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. मला म्हणायचे, "बेटा, मराठी टायपिंग शिक. इंग्लिश सगळ्यांना येतं, मराठीला माणूस मिळत नाही." सर त्यांचे जुने गिऱ्हाईक. संगणकावर सरांच्या नावाचं एक फोल्डर होतं आणि त्याच्यात फायलींची रांग: 'कथा', 'कथा_नवीन', 'कथा_शेवटची', 'कथा_खरंच शेवटची', 'कथा_सर म्हणतात आता नक्की'. ही नावं चाचांनी दिलेली.

सर दुकानाची पायरी चढले की चाचा मला डोळा मारायचे. "साहेबांच्या पोराला परत बरं नाही वाटतं."

सर माझ्यामागे स्टुलावर बसून एकेक ओळ बदलायला सांगायचे. "जासई, तो 'चिडून म्हणाला' काढ. 'म्हणाला' कर."

"आधीच्या वेळेला 'ओरडला'चं 'चिडून म्हणाला' केलं होतं, सर."

"मग आता 'हसून म्हणाला' कर. आणि हा ल असा का दिसतो? हा आपला ल नाही. हा हिंदीतला ल आहे."

"फाँट आहे सर."

"फाँटला सांग, मराठी लिहितोय आपण."

चाचा एकदा त्यांना म्हणाले, "साहेब, मी पण घर सोडून गेलो होतो. भांडून जातो ना, त्याची काळजी नसते, तो येतो परत. असा हसत-खेळत गेलेला पोरगा मात्र घराला विसरतो. तुमचा पोरगा आता विसरणाऱ्यांतला झालाय."

"तुम्ही झेरॉक्स काढा," सर म्हणाले.

काम झालं की सर उठायचे आणि चालायला लागायचे. 'येतो' नाही, 'बरंय' नाही, मागे बघणं तर नाहीच. त्यामुळे काही ना काही दुकानात राहायचं. बहुतेक वेळा छत्री. मी पायरीवर उभी राहून ओरडायचे, "सर, छत्री!" सर न वळता हात वर करायचे, म्हणजे 'ठीक आहे, ठीक आहे', आणि गर्दीत शिरायचे. त्या छत्र्यांसाठी चाचांनी भिंतीला एक वेगळी खुंटी ठोकली होती. तिच्यावर कायम तीन-चार छत्र्या. अचानक पाऊस आला तर आम्ही गिऱ्हाइकांना उसन्या द्यायचो, आणि त्या परत यायच्या. सरांच्या हातून गेलेली छत्री मात्र सरांनी कधी परत मागितली नाही. नवी घ्यायचे आणि तिची काडी चांगली नाही म्हणायचे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना सर रिटायर होणार होते. कॉलेजने ठरवलं की त्या वर्षीच्या वार्षिक अंकात सरांची कथा छापायची, सरांच्या नावासकट. सगळे खूश. सर सोडून. कारण आता खरोखरच शेवटची सुधारणा होती. अंक छापला की पोराला परत हात लावता येणार नव्हता, वर्ग नसणार, वही नसणार, नवा दोष शोधून देणारा कोणी नसणार. जानेवारीत सर आठवड्यातून तीनदा दुकानात यायला लागले. एक दिवस म्हणाले, "जासई, खरं सांग. अजून काही राहिलंय का त्याच्यात?"

"दोष म्हणता का सर?"

"हो."

"काहीच राहिलं नाही सर," मी म्हटलं. "त्याच्यात आता तोच राहिला नाही."

मला वाटलं रागावतील. पण त्यांनी कागद गोळा केले. मग उठले आणि गेले. छत्री राहिली.

त्याच दिवशी मी चाचांकडून लोखंडी कपाटाची किल्ली घेतली. सरांनी सगळ्यात आधी झेरॉक्सला आणलेलं दिवाळी अंकाचं मूळ कात्रण चाचांनी जपून ठेवलं होतं. पिवळं, कडा तुटलेल्या. मी उभ्या उभ्या वाचलं. आणि खरं सांगते, मला तो पोरगा आवडला. उद्धट होता, खोटा बोलत होता, आपल्या घराला मासळीचा वास येतो म्हणून त्याला लाज वाटत होती, पण होता. ताट भिंतीवर आदळल्यावर भाताची शितं भिंतीला चिकटून राहतात, असं लिहिलं होतं. लाँच सुटते आणि शेवटची ओळ अशी होती: 'धक्क्यावर त्याच्यासाठी कोणी आलं नव्हतं.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बत्तीस वर्षं सर पोराला सुधारत होते ते ह्या एका ओळीसाठी. पोरगा चांगला वागला, की बाप धक्क्यावर येईल.

फेब्रुवारीत सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आणि नेमकी तेव्हाच अंकाची प्रुफं तपासायला आली. सरांचा फोन आला. "जासई, घरी ये आणि वाचून दाखव. स्वल्पविरामासकट."

मी गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सरांच्या मिसेस, म्हणजे काकू, भाजीला गेलेल्या. सर काळा चष्मा लावून आरामखुर्चीत, आणि बाल्कनीत खाली बसून लसूण सोलत एक म्हातारा. हे सरांचे वडील. नव्वदीच्या पुढचे, पण बोटं अशी चालत होती की पाकळी सुटून निघत होती. हयात मोऱ्याला होडीवर गेली. काकूंनी आग्रह करून पनवेलला आणलं, तर इथे खाडी दिसत नाही म्हणून रुसून बसलेले. मला बघून पहिला प्रश्न, "कुठली गो तू?"

"जासईची, आजोबा."

"अरे वा. मंग आपलीच की." आणि परत लसूण.

मी वाचायला लागले. पोरगा पहाटे उठला. आईला पाणी भरून दिलं. जवळा-भात जेवला, ताट घासलं. बापाच्या पाया पडला. बाप त्याला सोडायला धक्क्यावर आला. लाँच तयारच होती. सर मधेच, "'तयारच'नंतर स्वल्पविराम आहे का?" एवढंच विचारत होते. बाल्कनीतलं लसूण सोलणं थांबलं होतं ते आम्हाला कळलं नाही.

"कोनाचा पोर ह्यो?" आजोबांनी विचारलं.

"कथेतला आहे, बाबा," सर म्हणाले.

"गाव कुठला त्याचा?"

सरांऐवजी मीच म्हटलं, "मोरा, आजोबा."

"मोऱ्याचा? नाय. असा पोर मोऱ्यात नव्हता." त्यांनी एक पाकळी टोपल्यात टाकली. "एक व्हता, पन त्यानं ताट फेकला व्हता. जवल्याचा. भात मी भिंतीवरशी काढला. सुकल्यावर निगता निगत नाय तो."

मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं. सर ताठ बसले होते. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"बाबा, जाऊ दे ते. किती वर्षं झाली."

"मी कुटं काय म्हन्तो? पोरी, तू काय वाचलास? लाँच तयारच व्हती? कशी व्हईल? आखाडातली पुनव होऊन तिसरा दिस, सकालचं आट. सुकती लागलेली. आटाला बंदरात चिखल नुसता. लाँच धक्क्याला लागतेच कशी?"

मी जासईची, पण मलाही मोऱ्याचं हे माहीत आहे. ओहोटी पुरी लागली की लाँच बंद. पाणी चढेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. कोळ्याचा पोरगा भांडून घर सोडतो आणि निघण्याआधी भरती-ओहोटी बघत नाही! एवढी मोठी चूक शंभर दोषांच्या वहीत कोणालाच सापडली नव्हती. पळस्पे दोनलाही नाही.

"तीन तास बसला व्हता धक्क्यावर," आजोबा मला सांगत होते, सरांना नव्हे. "पाय खाली सोडून. वरशी पानी येतंय, ह्यो भिजतोय, पन उटून शेडमंदी जायाचा नाय. हट्टी."

सर हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाल कोन? मी व्हतो ना."

"कुठे?"

"मागं. शेडमंदी. छत्री घेऊन आलेलो तुज्यासाटी. घरातली एकच छत्री व्हती. म्हनलं, मुंबईला पाऊस लय, भिजल पोर."

माझ्या हातातले प्रूफचे कागद तसेच. खाली रस्त्यावर कुठल्याशा टेंपोचा रिव्हर्सचा आवाज वाजत होता.

"मग दिली का नाहीत?" सरांचा आवाज वर्गातला नव्हता.

"तू मान वलवली नाय," आजोबा म्हणाले. "तीन तास. एकदा वलून बघतास तर दिली असती. पानी चढला, लाँच लागली, तू गेलास. तवा बी नाय बघितलास. मी छत्री घेऊन घरी आलो."

"हाक मारायची होतीत."

"मारायची व्हती," आजोबांनी लगेच मान्य केलं. "पन मी बी तुजाच बाप ना रं."

एवढं बोलून म्हातारा परत लसूण सोलायला लागला. सरांनी चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला. मी म्हटलं, "सर, हात नका लावू, डॉक्टरांनी सांगितलंय."

मग सर म्हणाले, "जासई, ती वही घे. कपाटात आहे. लिही." मी निळी वही उघडली. "पुढचा क्रमांक टाक. दोष: मागे वळून बघत नाही. पुरावा..." तिथे ते अडकले.

"पुराव्यात काय लिहू सर?"

"छत्री," सर म्हणाले. "आणि गावाच्या रकान्यात लिही, बाबा, मोरा."

"माजा बी लिव त्यात," बाल्कनीतून आवाज आला. "हाक नाय मारली म्हनून."

सर लगेच मास्तर झाले. "तो बसत नाही बाबा. प्रश्न नायकाच्या दोषांचा आहे."

"मंग मना नायक कर."

तेव्हा मात्र सर हसले. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना बघितलं ते तेवढंच एकदा. मी वहीत दोघांचेही दोष लिहिले, एकाखाली एक. हा माझा आगाऊपणा, पण पुसायला त्यांना दिसत कुठे होतं?

मग कात्रण मागवून घेतलं आणि आम्ही कामाला लागलो. चार दिवस सर सांगत होते, मी टाइप करत होते. एकेक करून पोराचे सगळे दोष त्याला परत दिले. तोंडाळपणा दिला, खोटेपणा दिला, वासाची लाज दिली. ताट परत भिंतीवर आदळलं. लाँच मात्र लगेच आली नाही. पोरगा तीन तास पावसात धक्क्यावर बसला, पाय खाली सोडून. शेवटच्या ओळीपाशी सर थांबले. मला वाटलं, 'बाप आला होता' असं लिहायला सांगतील. त्यांनी सांगितलं ते असं: 'धक्क्यावर त्याच्यासाठी कोणी आलं आहे का, हे त्याने बघितलं नाही.'

"मार्क किती सर?" मी विचारलं.

"पुरावा आहे," म्हणाले. "तुझे मागचे अकरा वाढवतो, पण रजिस्टर जमा झालंय."

मार्चमध्ये अंक आला. पळस्पे दोनने कॅन्टीनच्या कट्ट्यावर बसून वाचला आणि म्हणाला, "लय नालायक हाय हा. आता कथा झाली." आजोबांना मी घरी जाऊन वाचून दाखवली. त्यांनी फक्त भरतीची वेळ बरोबर टाकलीय का तेवढं तपासलं आणि म्हणाले, "हां. ह्यो आमचा." स्टाफरूममधल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की शेवटच्या महिन्यात सरांच्या डब्यात भेंडीची भाजी होती. ती चिकट झालीय अशी तक्रार त्यांनी चार दिवस केली.

मीही त्या दिवसांत एक गोष्ट केली. रोज सकाळी वडील मला मोटारसायकलवर बसस्टॉपला सोडायचे आणि उतरल्यावर मी मोबाइल बघत सरळ बसकडे चालायला लागायचे. एकदा वळून बघितलं. ते गाडी बंद करून तिथेच उभे होते. मी बसमध्ये चढेपर्यंत थांबायचे म्हणे, तीन वर्षं. मी हात केला तर घाबरून ओरडले, "काय राहिला गो?"

सर रिटायर झाले तरी दुकानात येतात. कथेचं काम नसतं. पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स, आजोबांचं आधार कार्ड, असलं काहीतरी. मी आता एका शिपिंग ऑफिसात नोकरी करते, पण शनिवारी चाचांकडे बसते. गेल्या शनिवारी सर आले, चहाला नावं ठेवली, चाचांच्या नव्या मशिनला नावं ठेवली, कागद पिशवीत घातले आणि उठले. नेहमीसारखे न बोलता चालायला लागले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. वळले. माझ्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, अगदी नीट, हजेरी घेतल्यासारखं. मग जरा अवघडून हात वर केला.

"काय सर, काही राहिलं का?" मी विचारलं.

"नाही गं. सगळं घेतलंय," म्हणाले आणि गेले.

चाचांनी भिंतीकडे बोट दाखवलं. सरांनी वळून बघितलं होतं खरं, पण बघितलं होतं आम्हाला. छत्री खुंटीवरच होती.

मी ती उचलली, पायरीवर आले आणि जेवढा आवाज आहे तेवढा लावून हाक मारली.